अकराव्या वचनाच्या आधीचेही वाचा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘देवावर भार टाकला की माणूस हातपाय हलवायचे सोडतो,’ असे एका वाचकाने गेल्या आठवड्यात याच सदरात लिहिले होते. रोख सगळ्याच श्रद्धाळूंवर होता. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा माझ्यापुरते उत्तर देते. हयात परिचारिकेच्या नोकरीत गेली, आता आम्ही दोघे राहुरीला असतो.

आमच्या यांचे डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा नगरला जायचे, चार तास मशीनवर. घरी रोज चहाआधी यांना वजनकाट्यावर उभे करते. मग दिवसभराचे पाणी एका बाटलीत मोजून भरते; चहा, गोळ्यांचा घोट, सगळे त्याच हिशेबात. उन्हाळ्यात हे बाटलीकडे बघतात आणि मी दुसरीकडे बघते. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हातावर बोटे ठेवून थरथर नीट लागते ना ते पाहायचे आणि तोच हात धरून बायबलातले १२१ वे स्तोत्र म्हणायचे. ‘तुझ्या रक्षकाला डुलकी लागत नाही’ हे रात्रपाळ्या केलेल्या बाईला जरा जास्तच कळते. (पहाटे चारला डुलकी न लागणारी सिस्टर मी तरी पाहिलेली नाही.) मूत्रपिंडे पुन्हा चालू होतील असे देवाने आम्हांला कुठेही सांगितलेले नाही आणि तसे धरून मी चालतही नाही. मी तुमच्याबरोबर असेन, एवढे तो म्हणाला आहे. हा भरवसा नसता तरी मी पाणी मोजलेच असते. पण चिडून मोजले असते, आणि यांना ते कळले असते.

वाचकमित्राचा आक्षेप अगदीच निराधार आहे, असे मात्र म्हणवत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्याकडे ताटातून बायबलच्या वचनाची चिठ्ठी उचलायची रीत आहे. जे वचन निघेल ते आपले वर्षाचे. यिर्मया २९:११ निघाले की चेहरे खुलतात. देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत, असे ते वचन. कॅलेंडरवर तेच, मोबाइलच्या स्टेटसला तेच. मुळात ती बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून धाडलेल्या पत्रातली ओळ आहे. त्याआधीच्या ओळी कोणी स्टेटसला ठेवत नाही. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुटका होईल, पण सत्तर वर्षांनी! ऐकणाऱ्यांतले निम्मेअधिक तोवर मातीआड जाणार होते. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा ‘दोन वर्षांत सगळे परत येईल’ म्हणून सांगत होता. तो खोटा ठरला. आजही दोन वर्षांवाल्याच्या सभेला मांडव पुरत नाही.

आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचे पाहा. निराधार बायकामुलींसाठी त्यांनी काढलेल्या मुक्तिसदनात शेकडो मुलीबाळी जेवायला, आणि भिस्त प्रार्थनेवर. त्याच रमाबाईंनी तिथे विहिरी खणून घेतल्या, शेती केली, छापखाना घातला, मुलींच्या हाताला काम दिले. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणायचे काम १९२२ साली जाईपर्यंत सोडले नाही. यात हातपाय न हलवणे कुठे बसते, ते वाचकमित्रानेच सांगावे.

राग मला येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या शेजारणीला रक्तदाब आहे. बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने तिला सांगितले की, बरे करण्याचे देवाचे अभिवचन मिळाल्यावर गोळी घेणे म्हणजे अविश्वास. तिने गोळ्या बंद केल्या. एका सकाळी भांडी घासता घासता तिला भोवळ आली. मी धावत जाऊन मोजले तर वरचा आकडा दोनशेच्या पुढे! दवाखान्यात नेले म्हणून निभावले. उपदेशक तोवर पुढच्या गावी गेलेला होता. अशांना व्यासपीठ देणाऱ्या आमच्याच पंचमंडळींना हा प्रश्न उपासनेनंतर उभे राहून विचारायला हवा. मी विचारला आहे. उत्तर यायचे आहे.

घरी आणल्यावर तिला मी यशयाचा ३८ वा अध्याय वाचून दाखवला. हिज्कीया राजा मरणपंथाला लागला होता. आणखी पंधरा वर्षे आयुष्य देतो, असे देवाने त्याला यशया संदेष्ट्याकडून सांगितले. त्याच अध्यायाच्या शेवटी यशया म्हणतो, अंजिरांची ढेप आणा आणि राजाच्या गळवावर बांधा. अभिवचन हातात असूनही लेप लावलाच!

शेजारीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सिस्टर, बीपीला अंजीर चालतं का?” मी म्हटले, “खुशाल खा, पण गोळीच्या जागी नाही.” आता सकाळी यांचे वजन लिहून झाले की मी कुंपणावरून तिला हाक मारते. ती गोळीचे रिकामे पाकीट वर करून दाखवते आणि मग आमच्या यांच्यासाठी प्रार्थना करते, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

– एक निवृत्त परिचारिका, राहुरी