सरांची चित्रं तुमच्या घरी आहेत, चार दिवसांसाठी द्या

गावकरी मंडळी आणि बाहेरगावी गेलेले माजी विद्यार्थी,

आपले ड्रॉइंगचे सर जाऊन या पावसाळ्यात वर्ष झालं. यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवसांत, भाऊबीजेनंतर चार दिवस, शाळेच्या सभागृहात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं वाचनालयानं ठरवलं आहे. तेव्हा लेकी-जावई गावात असतात, रात्री नाटक पाहून लोक दिवसा मोकळे असतात, म्हणून हाच मुहूर्त.

पैसे लागणारच, पण आधी चित्रं हवीत. सरांनी कधी चित्र विकल्याचं कोणाला आठवत नाही. लग्नात दिलं, वास्तूला दिलं, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा पास झालेल्या पोराला दिलं. त्यांच्या लोखंडी पेटीत 61 कागद निघाले, त्यातल्या 9 कागदांना वाळवी लागलेली. बाकी सारं तुमच्याकडे आहे.

पेटीतल्या बऱ्याच चित्रांत नागपूर-नागभीडची छोटी गाडी आहे. अडीच फुटी रुळांची ती लाइन ब्रॉडगेजसाठी नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. भिवापूरच्या फलाटावरची मिरचीची पोती आणि गाडीच्या दारात लोंबकळणारी पोरं आता या कागदांवरच आहेत. दुसरा गठ्ठा वैनगंगेकाठचा. 1988 मध्ये गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून सर रविवारी सायकल काढून पाण्याखाली जाणाऱ्या गावांत जाऊन बसत. कवेलूची घरं, विहीर, पार, धान साठवायचा ढोला. प्रत्येक कागदाच्या मागं पेन्सिलीनं गावाचं आणि घरमालकाचं नाव. पुनर्वसनात गेलेल्या मंडळींनी ही चित्रं पाहायला जरूर यावं. कोणाचं अंगण कोणतं, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळेल.

आणि नाटकाचे पडदे! भुकटीचा रंग सरसात कालवून सर रात्र-रात्र शाळेच्या व्हरांड्यात पडदे रंगवत. जंगलाचा पडदा आम्हाला एका गोठ्यात सापडला, तणसीच्या ढिगावर पांघरलेला. घरमालकाला दोष देत नाही, त्यानं निदान फाडला तरी नाही. रस्त्याचा पडदा सरांच्या पुतण्याकडे आहे. महालाचा अजून सापडलेला नाही.

घरी चित्र असेल तर एवढं सांभाळा. ओल्या फडक्यानं पुसू नका, पोस्टर कलर पाण्यानं सुटतो. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. जसं आहे तसं राहू द्या, आमची पोरं घरी येऊन नेतील आणि लेखी पोच देतील. प्रदर्शन संपलं की चित्र फ्रेमसकट परत मिळेल. स्कॅन केलेली प्रत तेवढी वाचनालयात राहील.

आता पैशाचं. माउंट, काच आणि साधी लाकडी पट्टी धरून एका फ्रेमला साधारण 600 रुपये पडतात, तेही सुतारकाम सरांचाच एक विद्यार्थी फुकट करतो आहे म्हणून. शंभर चित्रं धरली तर 60,000. स्कॅनिंग, प्लायवूडचे बोर्ड आणि दिवे मिळून आणखी 30,000. आतापर्यंत 22,000 जमले आहेत. ज्यांना जमेल त्यांनी एका फ्रेमचा खर्च उचलावा. दोघा-तिघांनी मिळून एक उचलली तरी चालेल. फ्रेमवर देणगीदाराचं नाव लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सर स्वतःची सहीसुद्धा कोपऱ्यात, शोधावी लागेल एवढी बारीक करत.

देणगी वाचनालयात द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये. जमाखर्च दर रविवारी वाचनालयाच्या फळ्यावर लिहिला जाईल. पैसे देणं होत नसेल तर दोन दिवस भिंतींना चुना मारायला या, बोर्ड उभे करायला या. पाहुण्यांच्या जेवणासाठी तांदूळ दिले तरी मोलाचे आहेत.

चित्रं दसऱ्यापर्यंत हाती आली तर फ्रेमा वेळेत होतील. आणि महालाचा पडदा कोणाच्या माळ्यावर, गोठ्यात, धानाच्या कोठीमागं गुंडाळून पडला असेल तर तेवढं एकदा पाहा. त्याच्या उजव्या खांबावर सरांनी मोर काढला होता, त्यावरून ओळखू येईल.

वाचनालय आणि माजी विद्यार्थी मंडळी