तांब्याच्या तारेची कडी जपणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या अण्णांच्या हॉर्नबी या जुन्या बनावटीच्या खेळण्यातल्या इंजिनाला अखेर त्याच्या जातीचे डबे मिळाले आणि गाडी घरात धावली, हे आपल्याला ठाऊकच आहे. फोनवर मी आपले आभार मानले खरे, पण गळा दाटून आल्यामुळे जे मनापासून सांगायचे होते ते राहूनच गेले. ते इथे सर्वांसमोर लिहिते आहे, म्हणजे जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवणाऱ्या इतरांनाही आपल्यासारखी माणसे असतात हे कळेल.

अण्णा, म्हणजे माझे आजोबा, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या माटुंग्याच्या कारखान्यात फिटर होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाने 1947 साली ही चावीची गाडी त्यांना दिली. डबे कधीच हरवले होते. इंजिन, त्याच्या मागचा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) आणि थोडे रूळ एवढाच ऐवज घरी आला. टेंडरच्या मागची कडीही तुटलेली होती, म्हणून अण्णांनी तांब्याची तार वळवून नवी कडी बसवली आणि तिच्यात काडेपेट्यांचे डबे अडकवून बाबांना दिले. बाबांचे बालपण त्या काडेपेट्यांवर गेले. त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर तरी या इंजिनाला खरे डबे लागावेत, एवढीच माझी इच्छा होती.

आपल्याआधी ज्यांच्याकडे गेले, त्यांची नावे घेणार नाही, पण राग अजून गेलेला नाही. एका विक्रेत्याने फोटो दाखवून ‘अगदी जोडीचे डबे’ म्हणून पाठवले. नाव हॉर्नबी, रंग तोच तांबडा, अक्षरेही एल.एम.एस., म्हणजे लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश या ब्रिटिश रेल्वे कंपनीची; पण ते 1938 साली निघालेल्या डब्लो मालिकेचे, 16.5 मिलिमीटर गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर), आणि आमचे इंजिन 32 मिलिमीटरच्या ओ गेजचे. ते परत घ्यायलाही त्याने नकार दिला. दुसऱ्याने गेज बरोबर दिले, पण डबे लांब, बोगीचे, म्हणजे दोन्ही टोकांखाली चाकांचे फिरते गाडे असलेले. आमचे वळणाचे रूळ एक फूट त्रिज्येचे आणि त्या डब्यांना दोन फुटांचे वळण लागते, हे त्याला माहीत असूनही त्याने सांगितले नाही. तिसरा तर टेंडरखालची तार पाहून हसला, ‘हे आधी कापून टाकू, मग सगळे रंगवून देतो’ म्हणाला आणि पक्कड उचलली. इंजिन त्याच्या हातातून काढून घेताना माझे हात थरथरत होते.

आपण मात्र इंजिन हाती घेण्याआधी बाबांची परवानगी मागितलीत. मग ते खिडकीच्या उजेडात धरून आमच्याशी असे बोललात, जणू आम्ही गिऱ्हाईक नसून विद्यार्थी आहोत. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कंपनीने 1920 साली या गाड्या काढल्या; 1923 मध्ये ब्रिटनच्या बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या आणि खेळण्यांवरची अक्षरे व रंगही त्याप्रमाणे बदलले. म्हणून गेज जुळले तरी काम संपत नाही. कंपनी, काळ, डब्याची लांबी आणि कडीची पद्धत हे सगळे एकमेकांना मानवायला हवे, हे आपल्यामुळे समजले. डबा विकत घेताना आधी उलटा करून चाके पाहावीत, हेही आपणच शिकवलेत. त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर चाके वर्षांनुवर्षे आतून फुगत जातात आणि तडकतात. वरून लखलखणारा एक डबा आपण भिंगाखाली धरलात, चाकावरची केसासारखी चीर बाबांना दाखवलीत आणि ‘हा घेऊ नका’ म्हणालात. तो आपल्याच संग्रहातला होता, विकला असतात तर आम्हाला कळलेही नसते.

त्यानंतर आपण कपाटातून चार चाकांचे दोन एल.एम.एस. डबे काढलेत आणि अनेक वर्षांपूर्वी स्वतः मोजलेल्या किमतीलाच आम्हाला दिलेत. हा आपला मोठेपणा आहेच. तरीही माझ्या मनात घर करून बसली आहे ती दुसरीच, अगदी लहानशी गोष्ट.

डबे नीट जोडायचे तर टेंडरला त्या काळची पत्र्याची कडी हवी होती आणि अण्णांची तार काढावी लागणार होती. आपण ती कापली नाहीत. बारीक चिमट्याने एकेक पीळ उलगडलात, तारेला आलेला मूळचा बाक तसाच राहू दिलात, ती एका छोट्या पाकिटात ठेवलीत आणि पेन्सिलीने वर लिहिलेत: ‘मूळ मालकाची दुरुस्ती. तांबे. टाकू नये.’ मग पाकीट दोन्ही हातांनी बाबांना दिलेत. बाबा कितीतरी वेळ ते तीन शब्द वाचत राहिले, ‘मूळ मालकाची दुरुस्ती’. पगारातून कधी खेळणे विकत घेऊ न शकलेल्या त्या फिटरला आपण मालक म्हटलेत, कारागीर म्हणून मान दिलात. नातेवाइकांपैकीही कोणाला हे सुचले नव्हते.

माहिती पुष्कळांजवळ असते. ती समोरच्याला फसवण्यासाठी वापरायची की त्याचे काम होण्यासाठी, हे ज्याच्या त्याच्या वृत्तीवर अवलंबून असते. आपण कसलाही आव न आणता दुसरी वाट धरलीत. आणि ज्या वस्तूला बाजारात दमडीचीही किंमत नाही, तिची किंमत ओळखलीत. मला वाटते, सज्जनपणा म्हणतात तो हाच.

आता गाडी रोज संध्याकाळी धावते. बाबा चावी स्वतः देतात, आपण सांगितल्याप्रमाणे स्प्रिंग शेवटपर्यंत आवळत नाहीत आणि गाडी थांबली की डबे सोडवून ठेवतात. आपण शोधायचे कबूल केलेल्या गार्डाच्या डब्याबद्दल ते रोज विचारतात, पण घाई अजिबात नाही. तो मिळो न मिळो, पावसाळा संपला की काकूंना घेऊन आमच्याकडे जेवायला या. बाबांनी आग्रहाने कळवायला सांगितले आहे.

आपली ऋणी,
अण्णांची नात