शनिवारी नाही, मंगळवारी येतेय

साउथम्प्टन,
६ मार्च २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर आईने "बरं बरं, तुझं तू बघ" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांनी "आईलाच विचार" म्हणून परत तिच्याकडे. म्हणून लिहून पाठवतेय. मी शनिवारी सकाळी पोचत नाही, मंगळवारी सकाळी पोचतेय. तिकीट बदलून झालंय. रविवारी रात्री हीथ्रोहून निघेन, सोमवारी मुंबई, तिथून महालक्ष्मीने कोल्हापूर. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे आणि आदल्या दिवशीपासून मी घरात असेन, त्यात तसूभरही बदल नाही. हुकतोय तो सुमीचा साखरपुडा.

नितीन म्हणाला, ऑफिसचं काम आलं म्हणून सांग. पण आई, तू माझ्या पहिल्या 'हॅलो'वरून ओळखतेस. तर खरं कारण असं, की शनिवारी साउथम्प्टनचा लिव्हरपूलशी फुटबॉलचा सामना आहे, त्यांच्या मैदानावर, अॅनफिल्डला. मी चिनूला घेऊन तिथे चाललेय.

थांब, लगेच कपाळाला हात लावू नकोस. पाडवा करूनच परतायचं म्हणजे मी तीन आठवडे तिकडे, आणि चिनू शाळा असल्यामुळे इथे बापाजवळ. त्याला एवढे दिवस सोडून मी कधी राहिलेली नाही. जायच्या आधीचा एक अख्खा दिवस त्याचा, असं आमचं ठरलं होतं आणि तो दिवस कसा घालवायचा हे त्याने ठरवलं. बाहेरगावच्या सामन्याची तिकिटं अशी कुणालाही मिळत नाहीत, थोडीच असतात. शेजारच्या आजोबांना गुडघ्यामुळे बसचा प्रवास झेपत नाही, त्यांनी आणि त्यांच्या मुलाने आपली दोन आम्हाला दिली. पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटाला इथे ३० पौंडांची मर्यादा आहे, त्यामुळे फार खर्चही नाही. विमानाची तारीख बदलायला किती पडले ते मात्र विचारू नका.

घरी टीव्हीवर बघितलं असतं की, असं तू म्हणणार. तीच तर गंमत आहे. शनिवारी दुपारी तीनचे सामने इथे टीव्हीवर दाखवायला बंदी आहे, लहान क्लबांच्या मैदानावर माणसं जावीत म्हणून. कोल्हापुरात बाबांना मोबाइलवर रात्री साडेआठला तो सामना दिसेल, पण साउथम्प्टनमध्ये बसून आम्हाला दिसणार नाही.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. संघाची अवस्था तुम्हाला ठाऊक आहेच. सत्तावीस सामने झाले, जिंकले दोन, बरोबरी तीन, बाकी सगळे हरलो. नऊ गुण. तळाला आहोत आणि मोसम संपला की खालच्या श्रेणीत जाणार हे आता शेंबडं पोरही सांगेल. समोर लिव्हरपूल, अठ्ठावीस सामन्यांत ६७ गुण, हार फक्त एक. काल रात्री युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, पॅरिसला जाऊन पॅरिसच्या संघालाही हरवून आलेत, तेही अख्खा सामना मार खाऊन. त्यांचा गोलकीपर अॅलिसन भिंतीसारखा उभा राहिला आणि शेवटी बदली आलेल्या एलियटने गोल ठोकला. मंगळवारी त्याच स्पर्धेचा परतीचा सामना आहे, म्हणून शनिवारी ते मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतील, अशी चिनूची आशा आहे. मी त्याला म्हटलं, त्यांचे बाकावर बसलेलेसुद्धा आपल्याला भारी आहेत.

पण एक हिशोब अजून बाकी आहे. डर्बी काउंटीने २००७-०८च्या मोसमात ३८ सामन्यांत फक्त ११ गुण मिळवले होते. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, त्याहून कमी कुणाचेच नाहीत. तो शिक्का आपल्यावर नको, एवढ्यासाठी आता सगळे जीव टाकून आहेत. अकरा सामने उरलेत आणि तीन गुण हवेत. पहिल्या नंबरवाल्यांना हे कळणारही नाही, पण आमच्या गल्लीत दुसरा विषय नाही.

आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या मैदानावर याच लिव्हरपूलवर आपण २-१ने पुढे होतो, आठवतं ना? मग सालाहने दोन मारले आणि २-३ने गेलो. त्या रात्री तुम्ही फोनवर ओरडत होता, "मागं काय खेळत बसल्यात, उडव की पुढं!" तेव्हाचा प्रशिक्षक बरोबर तेच करायचा, गोलकीपरपासून छोटे छोटे पास. डिसेंबरात टॉटनहॅमने पाच गोल घातले आणि त्याच रात्री त्याला घरी पाठवला. आता युरिच म्हणून क्रोएशियाचा आहे. त्यानेही फार काही फरक पडलेला नाही. गेल्या आठवड्यात चेल्सीकडे ४-०ने हरलो. गोलकीपर रॅम्सडेलकडे मात्र तुम्ही बघाच, तुमच्या जागेवरचा माणूस आहे. आधी बोर्नमथबरोबर खाली गेला, मग शेफील्ड युनायटेडबरोबर, आता आमच्याबरोबर तिसऱ्यांदा जाईल. तरी प्रत्येक चेंडूवर असा झेपावतो की जणू फायनल चाललीय.

मला हा संघ का आवडला, हे नितीनला अजून कळलेलं नाही, तुम्हाला सांगायची गरज नाही. सेंट मेरी चर्चच्या मंडळातल्या पोरांनी १८८५ साली काढलेला हा क्लब. आपल्याकडे तालमीने संघ काढले, इथे चर्चने. १९७६मध्ये दुसऱ्या श्रेणीत असताना यांनी मँचेस्टर युनायटेडला हरवून एफए कप आणला. एकच गोल, बॉबी स्टोक्सचा. शेजारच्या आजोबांना अजून तो मिनिट पाठ आहे, ८३वं. तुम्ही त्या एका फायनलचं सांगता ना, अगदी तसंच सांगतात. तोच हात, तशीच मान.

फक्त एक गोष्ट मला इथे आल्यावरच कळली. आपल्याकडे सगळे सामने शाहू स्टेडियमवर. दोन्ही पेठा तिथेच, शिव्याही समोरासमोर आणि हरलो तरी घर दहा मिनिटांवर. परक्या गावात, त्यांच्या साठ हजार माणसांत आपण दोन-तीन हजार एका कोपऱ्यात उभं राहायचं आणि ०-३ने मागे असतानाही गात राहायचं, हा प्रकारच वेगळा.

चिनूने विचारलं, आपण हरणारच आहोत तर एवढ्या लांब कशाला जायचं? तेव्हा मी त्याला तुमच्या सायकलची गोष्ट सांगितली. पाटाकडील तालमीच्या संघाकडून मार खाल्ला की तुम्ही मला पुढच्या दांडीवर बसवून सरळ घरी यायचा नाही, रंकाळ्याला वळसा घालायचा. कोपऱ्यावर त्यांची माणसं टपलेली असायची ना. मग तिथे भेळ, तिखट जास्त, आणि मला बजावणं, की आईला "सामना उशिरा सुटला" म्हणून सांग. आणि आई, तू आम्ही दारात यायच्या आधीच भाकरी थापायला घेतलेली असायचीस. उशीर झाला म्हणजे हरले, एवढं तुला घड्याळ बघून कळायचं. मला वाटायचं, बाबांचं गुपित फक्त मलाच माहीत आहे. जिंकलेल्या दिवशी भेळ नसायची, म्हणून मी मनातल्या मनात आपण हरावं म्हणायचे, हे मात्र मी बाबांना कधी सांगितलेलं नाही.

चिनूला एवढंच ऐकू आलं की हरलं की भेळ मिळते. आता शनिवारी परतताना मला कुठून तरी भेळ पैदा करावी लागणार.

आई, काळजी करू नकोस. समर्थकांची बस आहे, थेट मैदानापर्यंत. पोळीचे रोल, तुझ्या पद्धतीचा दडपे पोह्यांचा डबा आणि चहाचा थर्मास घेतेय. चिनूला आतून लोकरीचं, वरून जॅकेट, कानटोपी. मारामाऱ्यांचे दिवस गेले. १९८९मध्ये हिल्सबरोच्या मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर (बाबांना माहीत आहे, तू नको विचारूस) इथे मोठ्या मैदानांवर खुर्च्या सक्तीच्या झाल्या, प्रत्येकाचा नंबर ठरलेला. पाहुण्या प्रेक्षकांना वेगळं दार आणि वेगळा पोलीस बंदोबस्त. अंबाबाईच्या नवरात्रातल्या गर्दीत मला कडेवर घेऊन उभी राहायचीस, त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

आता दोघांनी नीट ऐकायचं.

बाबा, डोळ्यात घालायचे थेंब डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच. "आज जरा बरं वाटतंय" म्हणून सोडायचे नाहीत. रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नाही. साखर रोज सकाळी तपासून आकडा मला पाठवायचा, आणि खरा. साखरपुड्यात जिलेबी एक. आई मोजेल. रविवारी चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल आहे, त्यामुळे अर्धा मांडव टीव्हीसमोरच असेल, पण तुम्ही तिथे खुर्ची धरून रात्री दहापर्यंत बसायचं नाही. स्कूटर तर नाहीच. चावी आईकडे द्या. आजच.

ऑपरेशननंतर आठवड्याभरातच रंगपंचमी येतेय. गल्लीतली पोरं हाक मारतील, तुम्ही गॅलरीतसुद्धा यायचं नाही. मी दाराला आतून कडी घालून बसणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आई, तू साखरपुड्याच्या नादात गुडघ्यांना विसरू नकोस. जिन्याने एकदाच वर जायचं, पन्नास वेळा नाही. पुऱ्या लाटायला बायका सांगितल्यात ना, मग त्यांना लाटू दे. सुमीला मी आज रात्री स्वतः फोन करतेय. तिला वाईट वाटेल, पण लग्नाला मी आठ दिवस आधी येऊन राहणार हे तिला कबूल केलंय आणि ते रद्द होणार नाही, कुणाचाही सामना असला तरी. काकूला सांग, विमानाचं काहीतरी झालं. नको, खरंच सांग. तिला तसंही वाटतं की आपल्या घरात सगळेच फुटबॉलपायी खुळे आहेत.

तुमची,
पिंकी

ता. क. : सुमीसाठी घेतलेली पैठणी माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, जांभळ्या पिशवीत आहे. ओटी तूच भर माझ्या वतीने. आणि बाबा, शनिवारी पहिला हाफ बघितलात तर चालेल, दुसरा नको. बीपी वाढतं तुमचं.