पहिल्या मोटारीचा विमा

महोदय,

गेल्या दिवाळीत आमच्या घरी पहिली मोटार आली. मुलगा नवशिका असल्यामुळे हप्ता जास्त बसेल, असे विक्रेत्याकडच्या माणसाने ठासून सांगितले; मात्र पॉलिसीच्या कागदावर चालकाचे वय कुठेच धरलेले दिसले नाही. तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा, दर केंद्र सरकार इंजिनच्या क्षमतेनुसार ठरवते आणि नव्या मोटारीसाठी तो ३ वर्षांचा एकदमच भरावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी असलेल्या भागात नोंदणीचे ठिकाण महत्त्वाचे ठरते, कारण रूढ वर्गवारीत मुंबई-पुण्यासह ८ महानगरे 'अ' विभागात, तर आमचे लातूर 'ब' विभागात येते आणि तिथला मूळ दर थोडा कमी असतो.

खरा खर्च पुढे सुरू होतो. गाळप हंगामात मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा उसाच्या ट्रॉलीला अंधारात आमच्या गाडीचा डावा कोपरा घासला. दुरुस्ती जेमतेम साडेतीन हजारांची होती, तरी दावा केला आणि दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर मिळणारी २० टक्क्यांची सवलत गमावली. ही गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर खिशातूनच पैसे दिले असते! पुराच्या पाण्यात चालू केल्याने बिघडलेले इंजिनही साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही.

साखर कारखान्यांनी रिफ्लेक्टरविना ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये आणि परिवहन विभागाने त्याची तपासणी हंगामाआधीच करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लातूर