बाई, ‘गिफ्ट’बद्दल आभार

प्रिय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी पाठवलं असतं तर शुद्धलेखन तपासून परत आलं असतं, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

फार्मसीच्या पहिल्या वर्षापासून पॅरासेल्सस या स्विस वैद्याचं एक वाक्य मला तोंडपाठ : मात्रा वाढली की औषधाचं विष होतं. ते मुळातून वाचायची हौस आली आणि दुकान बंद करून मी तुमच्याकडे जर्मन शिकायला येऊ लागले. सोळाव्या शतकातलं जर्मन पाहून तुम्ही नुसता चष्मा पुसलात. म्हणालात, “वाच.”

मी वाचलं, “सगळ्याच वस्तू भेट आहेत.” हसता हसता तुमचा चहा बशीत सांडला. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष! पुढे ‘अलाइन’वर अडले, ‘एकटी’ नव्हे, इथे ‘फक्त’. तासाभराने ओळ उभी राहिली : सगळंच विष, विषाविना काहीच नाही, एखादी वस्तू विष ठरत नाही ती फक्त मात्रेमुळे. म्हणजे माझं पाठांतर उलट्या टोकाचं! तो भीती घालत नव्हता, स्वतःची बाजू मांडत होता. हा रोग्यांना विषं चारतो, असा वैद्यांचा आरोप होता. त्याला हे 1538 मधलं उत्तर. तेही त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराची हकिकत तुम्ही रंगवून सांगितलीत. 1527 मध्ये पॅरासेल्सस तिथे शहराचा वैद्य झाला, लॅटिन सोडून जर्मनमध्ये शिकवू लागला, सेंट जॉनच्या होळीत वैद्यकाचा मान्यवर ग्रंथ टाकला आणि पुढच्याच वर्षी शहर सोडून पळाला. मी लगेच एकनाथांशी तुलना करायला गेले. तुम्ही अडवलंत : “नाथांची शांती कुठे, आणि ‘माझ्या बुटाची बक्कलं गॅलनपेक्षा शहाणी’ असं त्या थोर प्राचीन ग्रीक वैद्याबद्दल म्हणणारा हा कुठे!” किमया, ग्रहतारे यांत तो किती गुरफटलेला होता, तेही तुम्ही झाकलं नाहीत.

परवा एका आजोबांनी पॅरासिटामॉलची पट्टी हातात धरून विचारलं, “हे विष नाही ना गं?” पूर्वी मी “छे छे” म्हणून मोकळी झाले असते. या वेळी पाकिटावर दिवसाच्या गोळ्या आणि मधले तास मोठ्या अक्षरात लिहून दिले.

खाणकामगारांच्या छातीच्या विकारांवरचं पॅरासेल्ससचं पुस्तक, मरणानंतर 26 वर्षांनी 1567 मध्ये छापलेलं, आता वाचायला घ्यायचं ना? मंगळवारी येते. चहा मी करीन.

तुमची,
गिफ्टवाली विद्यार्थिनी