घसा दुखतो, असे तो म्हणाला होता

अकुरे, ओंडो राज्य, नायजेरिया
दि. ८ फेब्रुवारी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

काकू गेल्या तेव्हा मी फोनवरून दोन ओळी पाठवल्या आणि त्यानंतर दीड वर्ष तुला काहीच लिहिले नाही, याची लाज मनात घेऊनच हे पत्र लिहितो आहे. माझी प्रकृती बरी आहे, ताप नाही. पण पुढे लिहितो ते घरी कळले तर मंदा मला पहिल्याच विमानाने परत बोलावून घेईल, म्हणून तुलाच सांगतो.

गेल्या महिन्यात आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात तिशीतला एक हमाल आला. चार दिवस ताप, डोके आणि अंग दुखते, अन्नावर वासना नाही. बोट टोचून मलेरिया तपासणीच्या पट्टीवर रक्त घेतले, तर दोन रेघा उमटल्या. असे रुग्ण येथे रोजच येतात. मी मलेरियाच्या तीन दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. उठताना तो गळ्याला हात लावून म्हणाला, की आवंढा गिळतानाही घसा दुखतो. हरमाटन वाऱ्याच्या धुळीने या दिवसांत सर्वांचाच घसा धरतो, असे मी त्याला सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा सगळ्या गोळ्या घेऊनही ताप उतरलेला नव्हता, चेहरा सुजला होता आणि छातीच्या मधल्या हाडामागे दुखत असल्याचे तो सांगत होता. लघवी तपासली, तर अल्ब्युमिन हे प्रथिन भरपूर. तेव्हा कोठे माझ्या मनात लासा हा शब्द आला, पश्चिम आफ्रिकेतला तो विषाणूचा ताप. त्याला ओवोच्या फेडरल मेडिकल सेंटरमध्ये पाठवले आणि रक्तात विषाणू शोधणाऱ्या पीसीआर तपासणीत तेच निघाले.

विनायक, पट्टी खोटे बोलली नव्हती. येथील प्रौढांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी ताप नसतानाही सापडतात आणि जुना मलेरिया बरा झाल्यावरही काही आठवडे पट्टीवर रेघ उमटत राहते. परजीवी आहेत एवढेच ती सांगत होती. ताप त्यांच्यामुळेच आला आहे, हे मी माझ्या मनाने जोडले. दोन्ही आजार पहिल्या आठवड्यात जुळ्या भावांसारखे दिसतात, हे खरे. तरीही मलेरियाचा ताप बहुधा हुडहुडी भरून येतो आणि घाम फुटून उतरतो. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीचा ताप पुस्तकातल्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही, पण योग्य औषधाने दोन-तीन दिवसांत हटू लागतो. लासाचा ताप हळूहळू चढतो आणि मग मुक्कामच करतो. घशाची तीव्र वेदना, छातीच्या हाडामागचे दुखणे आणि लघवीतील अल्ब्युमिन ही तिन्ही एकत्र दिसली, तर डॉक्टरने खुर्चीवरून उठलेच पाहिजे. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर करणे, कारण रक्तस्राव मोजक्याच रुग्णांना होतो. रिबाव्हिरिन हे औषध पहिल्या सहा दिवसांत दिले तर सर्वाधिक उपयोगी पडते, असे मानतात. तो माझ्याकडे प्रथम आला तेव्हा चौथा दिवस होता. मधले तीन दिवस मी घालवले.

धानोऱ्याला इंटर्नशिपच्या काळात आपण याच गोष्टीवरून भांडलो होतो, ते तू विसरला नसशील. काचपट्टीवर परजीवी दिसले म्हणजे विषय संपला, असे मी म्हणत होतो. आणि तू मात्र त्या म्हाताऱ्याच्या खाटेवर बसून, ताप कधी आला, आधी थंडी की आधी डोकेदुखी, घरात काय साठवले आहे, असे विचारत राहिला होतास. रुग्ण बरा होऊन घरी पोहोचेल, पण तुमचे प्रश्न संपणार नाहीत, असे सिस्टर म्हणाल्या तेव्हा आपण तिघेही किती हसलो होतो. मी त्या हमालाला घरात काय साठवले आहे हे विचारले असते, तर खोलीत उघडी पडलेली गरीची, म्हणजे कसाव्याच्या रव्याची पोती आणि रात्री त्यांवर फिरणारे उंदीर त्याने सांगितले असते. हा विषाणू त्या उंदरांच्या मूत्रातून आणि विष्ठेतून पसरतो.

तो वाचला. उजव्या कानाने मात्र त्याला ऐकू येत नाही. लासातून उठलेल्या चौघांपैकी साधारण एकाची श्रवणशक्ती बाधित होते आणि ती कितपत परतेल, हे आज सांगता येत नाही. त्याहून मोठी काळजी त्याच्या बायकोची आहे. तिला आठवा महिना आहे आणि त्या तीन दिवसांत त्याच्या उलट्या तिनेच उचलल्या. शेवटच्या तिमाहीत हा आजार झाला, तर दहापैकी आठांहून अधिक वेळा आई, बाळ किंवा दोघेही दगावतात. संपर्कात आलेल्यांवर २१ दिवस लक्ष ठेवावे लागते. तिचा आज बारावा आहे. मी त्याला हातमोज्यांशिवाय तपासले होते, म्हणून मीही सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावतो. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी तिच्या घराशी जातो. ती दारात उभी राहून मान हलवते, म्हणजे ताप नाही.

तुझा गुडघा कसा आहे? शस्त्रक्रिया पुढे ढकलू नकोस. मुक्ताचा बारावीचा अभ्यास ठीक चालला असेल. वहिनींना नमस्कार सांग.

एक काम कर. ताप घेऊन आलेल्या रुग्णाला तू जे प्रश्न ज्या क्रमाने विचारतोस, ते सगळे मला लिहून पाठव, कितीही लांबले तरी चालतील. माझ्या टेबलाच्या काचेखाली ते ठेवायचे आहेत.

तुझा,
अरविंद