लेकीचं लर्निंग

परभणी
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्या मिनिटालाच हसत सुटला असतास आणि पुढचं ऐकलंच नसतंस, म्हणून लिहायलोय. पत्र शेवटपर्यंत वाच. तुझ्याही कामाचं आहे.

चिमीला ऑक्टोबरात अठरा पूर्ण झाली. वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं तर म्हणाली, "काही नको बाबा, लर्निंग लायसन काढून द्या." दोन वर्षं कळ काढलेली पोर. दहावी झाल्यापासून तिच्या मैत्रिणी स्कुटीवर क्लासला जायच्या अन् ही वसमत रोडनं सायकल हाणायची, तीही परभणीच्या एप्रिलात. आमच्या मातोश्री रोज माझ्यावर तोंड टाकायच्या, "जगाची लेकरं गाड्या फिरवायलेत, आपल्याच लेकराला कामून मना?"

मग मी कायदा सांगायचो. मास्तरकीची खोड, दुसरं काय. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम १९९-अ आलं. पोरगं अठराच्या आत गाडीवर सापडलं तर दोषी धरायचा तो बापाला किंवा गाडीच्या मालकाला. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. कैद अन् दंड ऐकून चिमी नुसती तोंड वाकडं करायची. पंचविशीचं ऐकलं तेव्हा मात्र गप्प झाली.

सोळाव्या वर्षी कायदा परवानगी देतो, नाही असं नाही. पण ती ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीला, आणि आईबापाची संमती पाहिजे. आता तशी गाडी आणावी कुठून? शोरूममधल्या साध्या स्कुट्याही शंभरच्या वरच्या. तुझ्या अण्णांची लुना तेवढी त्या मापातली होती. आठवतंय का? १९९४ चा उन्हाळा, अण्णा दुपारी आडवे झाले की आपण पायडल मारत मारत ती गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचो, आवाज होऊ नये म्हणून, आणि मग पुढं चालू करायचो. चौदा वर्षांचे होतो रे. कडब्याच्या गंजीत घातलीस ते माझं नाव सांगून मोकळा झालास. तो मार मी अजून विसरलेलो नाही.

असो. लर्निंगचं सांगतो.

चौकातल्या नेटवाल्यानं अठराशे सांगितले. "सर, तुम्ही काही करू नका, परीक्षेचंही मीच बघतो." म्हणजे पोरीच्या जागी तोच बसणार! मी तसाच माघारी आलो. सरकारी फी किती आहे माहितीय? एका प्रकारच्या गाडीला लर्निंगचे १५० अन् चाचणीचे ५०. आणि २०२१ पासून आपल्या राज्यात आधार जोडलेलं असेल तर लर्निंग घरबसल्या निघतं, ऑफिसची पायरी चढायची गरज नाही. सरकारच्या सारथी साइटवर अर्ज भरायचा, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहायचा अन् कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा द्यायची.

वाटतं सोपं, पण पहिल्याच पायरीला ठेच. चिमीच्या आधारला जोडलेला नंबर निघाला जुन्या सिमचा, आणि ते सिम आता आईच्या बटणाच्या फोनात. आई हरिपाठाला गेलेली, फोन तिच्या पिशवीत. ओटीपी मागवला अन् मी स्लीपरवरच मंदिराकडं सुटलो. बायकांचं "हरि मुखें म्हणा" रंगात आलेलं, त्यात मी दारातून हातवारे करायलोय. आईला वाटलं घरी कुणाचं काही बरंवाईट झालं. ती उठली, तिच्या मागं चार जणी उठल्या. पिशवीतून आधी बुक्का निघाला, मग चष्म्याचं घर, मग लिमलेटच्या गोळ्या, शेवटी फोन. तोवर ओटीपीची मुदत संपलेली. दुसऱ्यांदा मागवला तेव्हा अख्ख्या भजनी मंडळानं मिळून आकडे वाचून दाखवले.

परीक्षेच्या वेळी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. पंधरा प्रश्न, पास व्हायला नऊ बरोबर लागतात. त्याआधी चार दिवस मी तिच्याकडून सराव करून घेतला होता, आणि खरं सांगतो, त्यात माझीच विकेट पडायली होती. अरुंद पुलावर समोरून गाडी शिरली तर काय करायचं? उत्तर: ती पार होईपर्यंत थांबायचं. आपल्याकडं जो आधी डिपर मारील त्याचा पूल. फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग आलं तर? गाडी डाव्या बाजूला थांबवायची, उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडं बघायचं अन् मगच पार व्हायचं. पांढरी काठी घेतलेला माणूस रस्ता ओलांडत असेल तर ती काठी म्हणजेच थांबायची खूण समजायची. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळायलंय! गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे धोक्याची सूचना, चौकोनी म्हणजे नुसती माहिती. इतकं सोपं कुणी सांगितलंच नव्हतं आपल्याला.

तेरा बरोबर आले. प्रिंट हातात घेऊन पोरगी घरभर नाचली. सहा महिन्यांची मुदत, आणि तीस दिवस झाले की पक्क्याच्या टेस्टला जाता येतं.

खरा घोटाळा त्याच संध्याकाळी झाला. मी ऐटीत म्हणालो, "चल, उद्या पहाटेपासून मी शिकवतो." तर ती व्हिडिओवाली म्हणते कशी, "बाबा, शिकवणाऱ्याकडं चालू लायसन लागतं. तुमचं दाखवा." गंमतीत म्हणाली बरं का. मीही गंमतीत पाकीट काढलं. लायसनच्या लॅमिनेशनचे कोपरे सुटलेले, फोटोत मी अन् माझ्या मिशा. तिनं ते दिव्याखाली धरलं, नखानं तारखेवरची धूळ खरवडली आणि काहीच बोलली नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं. मी चष्मा लावला. मुदत: १३/०८/२०२३.

बाळ्या, दोन वर्षं अन् तीन महिने मी मेलेल्या लायसनवर रोज शाळेत जाऊन येत होतो. जिंतूर रोडनं, ऊसतोडीच्या दिवसात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर असलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागून. यंदाच्या सप्टेंबरच्या पावसानं रस्त्याची जी चाळण झालीय त्यातूनही. एखाद्या रात्री कुणाला धडकलो असतो तर विमा कंपनीनं हात वर केले असते. आणि याच दोन वर्षांत लेकीला कलम १९९-अ ऐकवत होतो. शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताहाचं भाषणही मीच ठोकलं होतं, त्याचे फोटो अजून ग्रुपवर आहेत.

चिमी हसली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी दोन वर्षं सायकलवर गेले बाबा." एवढंच म्हणून ती आत गेली. त्या रात्री मी जेवताना मान खाली घालूनच जेवलो. आईनं मात्र सोडलं नाही, "अन् मला कायदे सांगायलास होय रे!"

आता लेकीला शिकवतंय कोण, तर तुझी वहिनी. हिनं २०१२ ला लायसन काढलं होतं, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागली तेव्हा. स्वतः रांगेत उभी राहिली, टेस्टला गाडीनं आठचा आकडा काढताना दोनदा पाय टेकला, तिसऱ्यांदा जमला. २०३२ पर्यंत चालू आहे. ते कार्ड तिनं फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलंय, मला येता-जाता दिसावं म्हणून.

एलची पाटी चिमीनंच बनवली. पांढरा पुठ्ठा, अठरा सेंटिमीटरचा चौकोन, माझ्या शाळेतली पट्टी घेऊन मोजला. लाल चिकटपट्टीचा एल, दहा सेंटिमीटर उंच, नियमात आहे तसा. पाटी एक पुढं, एक मागं. पहाटे सहाला दोघी कृषी विद्यापीठाच्या आतल्या रस्त्यावर जातात. फिरायला आलेली म्हातारी माणसं बाजूला होऊन बघत राहतात. मी मागून चालत जातो, पाण्याची बाटली घेऊन. पहिल्या दिवशी पोरीनं ब्रेक अन् अ‍ॅक्सिलरेटर एकदमच दाबलं, गाडी गचकली, मागं बसलेल्या हिचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आदळलं, टक्‌ करून. मी "अगं सावकाश!" ओरडलो. दोघी एकदमच वळून म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका."

माझं आता असं आहे. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला असता तर टेस्टशिवाय भागलं असतं. वर्ष उलटलं म्हणून टेस्ट द्यावी लागणार. चाळिशी ओलांडली म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट वेगळं, नमुना १-अ. ते कालच आणलं. डॉक्टर हसत होते. तोवर शाळेला एसटीनं जातोय, साडेसातची चुकली की साडेनवाची.

आता तुझं. मी २००३ च्या १४ ऑगस्टला लायसन काढलं तेव्हा माझ्या शेजारी कोण उभं होतं? एजंटाला पैसे कुणी दिले? आठ काढायची पाळीच आली नाही, साहेबांनी लांबूनच मान हलवली अन् आपण दोघं चहाला गेलो. वीस वर्षांची मुदत तुझीही तीच असणार. तू पुण्यात रोज गाडी चालवतोस, वहिनींना ऑफिसला सोडतोस.

आधी पाकीट काढ. तारीख बघ. मग वहिनींना सांगायचं की नाही ते ठरव.

चिमी म्हणतेय, डिसेंबरात तिची टेस्ट आहे, बाबाचीही त्याच दिवशी करून टाकू, बाळूकाकांनाही बोलवा. आठ काढायचा सराव विद्यापीठाच्या रस्त्यावर करून घेईन म्हणते, पण शिकवणार आई.

तुझाच,
मास्तर

ता.क. अण्णांची लुना अजून वाड्यात आहे का? आई विचारायलीय.